जबड्याचा सांधा अडकतो : दाढा घासून कॅप लावून घ्याव्यात का? ठाणे-नवी मुंबईत कुणाला दाखवावं?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्याची. नौपाड्यात गाण्याचे क्लास घेते. जुलैत उपवनला तलावाकाठी कणीस खाताना डाव्या कानाजवळ कट्‌ झालं आणि तोंड उघडेचना. मिटत होतं, पण उघडायला गेलं की जेमतेम दोन बोटं मावतील एवढंच. सासूबाई घाबरल्या, दातखीळ बसली म्हणाल्या. रात्री गरम पाण्याच्या पिशवीने शेकता शेकता सांधा सुटला. जांभई देताना कटकट आवाज मात्र त्याआधी दोन वर्षं येत होता. दुखत नव्हतं म्हणून मी लक्षच दिलं नाही, याची आता फार चुटपुट लागते.

ऑगस्टपासून कान ठणकायला लागला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि कानात काही नाही, दातांच्या डॉक्टरांना जबड्याचा सांधा दाखवा, असं सांगितलं. हा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असतो, म्हणून दुखणं कानातलं वाटतं.

खरा त्रास गाण्यात आहे. तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, ‘आ’कार लावायचा तर जबडा सैल खाली सुटावा लागतो. माझा आता उघडता उघडता डावीकडे वळतो आणि सूर दाबला जातो. मुलींना मी सध्या ऊकारात गाऊन दाखवते. लहान मुली तसंच तोंड आवळून गायला लागल्या आहेत, ते बघवत नाही. सकाळी उठते तेव्हा कानशिलं आणि गाल जड असतात. मी झोपेत दात खाते असं घरचे सांगतात.

दोन डेंटिस्टना दाखवलं. पहिल्यांनी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला आणि म्हणाले की चावा चुकीचा बसतोय, वरच्या-खालच्या मिळून बारा दाढा घासून कॅप लावू, सांधा आपोआप जागेवर येईल. खर्च दोन लाखांच्या वर, आणि पुढच्याच आठवड्यात सुरू करूया म्हणे. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पट्टीने माप घेतलं. तोंड ३१ मिलिमीटर उघडतं, साधारण ४० तरी हवं. गालाचे आणि कानशिलाचे स्नायू दाबून पाहिले आणि रात्री दातांवर लावायचा कडक साचा, म्हणजे स्प्लिंट, सुचवला. दाढा घासून कॅप लावण्याचं नावही काढलं नाही.

माझ्या बारा दाढांतली एकही किडलेली नाही. दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, एकदा घासलं की परत येत नाही, एवढं मलाही कळतं. अमेरिकेच्या सरकारी दंतसंशोधन संस्थेचा सल्लाही वाचला. चावा कायमचा बदलणारे उपचार टाळा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तरी पहिले डॉक्टर इतक्या ठामपणे बोलले की मन डळमळतं.

म्हणून विचारते : कुणी या दुखण्यासाठी कॅप लावून घेतल्या आहेत का, आणि खरंच फरक पडला का? स्प्लिंट वापरणाऱ्यांना किती दिवसांत बरं वाटलं? आणि हा सांधा रोज बघणारं आपल्या भागात कोण आहे? कुणी गाणारं किंवा शिकवणारं यातून गेलं असेल तर जरूर लिहा.

प्रतिसाद (नेरूळहून)

ताई, कॅपची घाई अजिबात करू नका. मी तीन वर्षांपूर्वी यातून गेलोय. ट्रान्स-हार्बर लोकल पकडून सरळ नेरूळला या. इथे डी. वाय. पाटील आणि तेरणा अशी दोन डेंटल कॉलेजं आहेत. तिथे ओरल मेडिसिन (तोंड-जबड्याच्या दुखण्यांच्या) विभागात दाखवा. सकाळी जा, आणि जुने एक्स-रे बरोबर ठेवा.

मला कडक अॅक्रिलिकचा स्प्लिंट दिला होता. तो एकदा बनवून भागत नाही. घालून बघायचा, कुठे टोचतो ते सांगायचं, ते घासून देतात, असे चार-पाच हेलपाटे होतात. सांगितलंय तेवढाच वेळ लावा, दिवसरात्र लावून ठेवला तर चावा बदलू शकतो. पण खरा आराम मला फिजिओने दिला. जिभेचं टोक टाळूला लावून हळूहळू तोंड उघडायचं, आरशात बघत, जबडा सरळ रेषेत ठेवून. मला दीड-दोन महिने लागले.

प्रतिसाद (दंतवैद्य, वाशी)

न तपासता निदान करत नाही, पण थोडं समजावतो. या सांध्यात हाडांच्या मध्ये एक चिवट चकती असते. ती पुढे सरकली की तोंड उघडताना कट्‌ करून जागेवर येते, तोच तुमचा आवाज. जागेवर आली नाही की जबडा अडकतो. नुसत्या आवाजावर बहुतेकांना उपचार लागत नाहीत. ओपीजीत हाड दिसतं, चकती दिसत नाही, तिच्यासाठी एमआरआय लागतो, आणि तोही प्रत्येकाला नाही.

चावा सुधारला की सांधा सुधारतो ही समजूत जुनी आहे. १९३४ मध्ये जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घसा तज्ज्ञाने कानाच्या तक्रारी आणि मागच्या दाढा नसणं यांचा संबंध लावला, तेव्हापासून ती चालत आली. आज पुरावा तिच्या बाजूने नाही. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०२३ साली आलेल्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट दुखण्यासाठी सर्वांत जास्त भर आहे तो देखरेखीखालच्या व्यायामांवर, हाताने स्नायू मोकळे करण्यावर आणि सवयी-ताणावर काम करणाऱ्या समुपदेशनावर. स्प्लिंटलाही त्यात पहिलं स्थान नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. तरी झोपेत दात खाणाऱ्यांचे दात झिजू नयेत म्हणून मी तो देतो.

आजपासून एक करा : ओठ मिटलेले, पण वरचे-खालचे दात टेकलेले नकोत. दिवसभरात आठवेल तेव्हा तपासा. कणीस, च्युइंगगम, चिक्की सध्या बंद. जबडा पुन्हा अडकला आणि दोन-चार दिवसांत सुटला नाही, तर ओरल सर्जनला लगेच दाखवा. अशा वेळी सुईने सांधा धुण्याचा छोटा उपाय ते करू शकतात.

मूळ धागालेखिका

दोघांचे मनापासून आभार. दात टेकतात का ते काल क्लासमध्ये बघत होते. तंबोरा जुळवताना, हजेरी घेताना, अगदी मोबाइल बघतानाही माझे दात घट्ट दाबलेले असतात. इतकी वर्षं हे लक्षातच आलं नव्हतं.

कॅपवाल्या डॉक्टरांना आज फोन करून नको म्हणून सांगितलं. गुरुवारी क्लासला सुट्टी देऊन नेरूळला जातेय, ओपीजीची फाइल पिशवीत भरून ठेवली आहे. फक्त एक राहिलं : फिजिओचे व्यायाम सुरू असताना रियाज चालू ठेवावा का, की महिनाभर मंद्र सप्तकातच राहावं?