प्राग सहल: शनिवारचा क्रम

नमस्कार मंडळी,
प्रागची बस ठरली. शुक्रवारी रात्री म्युनिकहून पोचायचं, शनिवारी दिवसभर गाईडसोबत शहर, रविवारी नाश्ता करून परत. शनिवारी सकाळी जुन्या गावचा चौक आणि घड्याळ, मग चार्ल्स पूल, तिथून चालत किल्ला, आणि चार वाजता जोसेफोव, म्हणजे जुनी ज्यू वस्ती. कुणाचे आईबाबा बरोबर येणार असतील तर कळवा.

---

ताई, नमस्कार.
माझे आईबाबा येणार आहेत, म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगतो.

पुलावरून किल्ल्याची चढण सगळी दगडी फरसबंदीची आहे. गेल्या वर्षी बाबांचे गुडघे अर्ध्यातच बोलायला लागले. त्यापेक्षा सकाळी २२ नंबरची ट्राम धरून थेट वर जाऊ. किल्ल्यातलं मोठं चर्च, सेंट व्हिटस कॅथेड्रल, आधी बघू (१३४४ साली सुरू झालेलं काम १९२९ मध्ये पुरं झालं!), मग नेरुदोवा रस्त्याने रमत गमत खाली, पूल आणि शेवटी चौक. घड्याळ १४१० चं. तासाला येशूच्या बारा शिष्यांचे पुतळे खिडक्यांतून फिरून जातात, सांगाड्याचा पुतळा घंटेची दोरी ओढतो. ते झालं की गाईडला टाऊन हॉलच्या पूर्वेकडची फरशी दाखवायला सांगा. तिथे २७ पांढरे क्रॉस आहेत, १६२१ मध्ये हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्धच्या बंडाबद्दल मारलेल्या २७ जणांसाठी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्यामुळे जोसेफोवमधली सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) पाहायला बंद असतात. आम्ही दारातून परत फिरलो होतो. रविवारी सकाळी मुद्दाम गेलो.

पिंकस सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या, बोहेमिया आणि मोराव्हियातल्या (म्हणजे आजच्या चेक देशातल्या) जवळजवळ ७८,००० ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत. आडनाव लाल रंगात, पुढे नाव, जन्मतारीख आणि माहीत असलेली शेवटची तारीख. आई एका आडनावापाशी थांबली. त्याखाली पाच नावं, जन्मतारखा वेगवेगळ्या, शेवटची तारीख सगळ्यांची एकच. "घरचे सगळे एकाच दिवशी नेले का रे?" एवढंच तिने विचारलं. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या नाझी छावणीत डांबलेल्या ज्यू मुलांची चित्रं आहेत. फुलपाखरं, घरं, आगगाडी. त्यांना शिकवणाऱ्या फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांनी ही चित्रं दोन सुटकेसमध्ये मागे ठेवली आणि त्या स्वतः १९४४ मध्ये ऑशविट्झच्या मृत्युछावणीत मारल्या गेल्या.

हे घाईत उरकायचं ठिकाण नाही. वेळ कमी पडला तर आपण खरेदी सोडू, हे नको.

---

दादा, मेल घरी मोठ्याने वाचून दाखवली. क्रम बदलला: शनिवारी ट्रामने वर आणि उतरत खाली, रविवारी सकाळी पिंकस, बस दुपारी दोनला. गाईडबाईंशीही बोलले, रविवारी दोन तास यायला त्या तयार आहेत.

आत पुरुषांनी डोकं झाकायचं असतं ना? दाराशी कागदी टोप्या मिळतात म्हणे, पण सासरे म्हणाले, मी माझी गांधी टोपी घालून येतो.