उसाचा दर राज्याने ठरवायचा की जिनिव्हाने?

ऊसकरी_वाळवा
डिसेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने (निवाडा मंडळाने) ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाच्या तक्रारीवर निकाल दिला: भारत उसाला उत्पादन-मूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त आधार देतो. हिशेबात केंद्राची एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर) तर धरलीच, शिवाय उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा स्वतः जाहीर करतात ते दरही धरले. शेती हा राज्यांचा विषय. मग १९९४ ला मराकेशला या संघटनेच्या करारावर सही करताना कुठल्या विधानसभेला विचारलं?

आणि आधार म्हणजे काय? २०२१-२२ च्या हंगामात एफआरपी होती टनाला २,९०० रुपये, १० टक्के साखर उताऱ्याला. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. ही रक्कम कारखाना देतो, सरकार नाही. भारतानेही हेच मांडलं, पॅनेलने मानलं नाही.

कलम_वाचक
दादा, शेती राज्यसूचीत आहे, पण परराष्ट्र करार केंद्राच्या सूचीत. राज्यघटनेच्या कलम २५३ प्रमाणे करार पाळायला संसद राज्यांच्या विषयावरही कायदा करू शकते.

दुसरं असं की २०१६ साली आपणच त्याच संघटनेत अमेरिकेविरुद्ध गेलो होतो. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिशिगन अशा ८ राज्यांच्या अपारंपरिक ऊर्जा योजनांमध्ये स्थानिक मालाला झुकतं माप होतं म्हणून. २०१९ ला पॅनेलचा निकाल आपल्या बाजूने लागला. तेव्हा आपल्याला त्यांच्या राज्यांची स्वायत्तता आठवली नाही.

ऊसकरी_वाळवा
हे मान्य. पण मी सूट मागतच नाही. सही करण्याआधी राज्यांना बोलवा, एवढंच म्हणणं आहे. कॅनडाने युरोपशी व्यापार कराराची बोलणी करताना प्रांतांना सोबत बसवलं होतं. तोच करार २०१६ मध्ये बेल्जियमच्या वालोनिया प्रदेशाने अडवून धरला आणि खुलासे लिहून घेतल्यावरच सोडला.

द्राक्षबाग_निफाड
बोलवा जरूर, पण अडवायचा हक्क देऊ नका. २८ राज्यं अडून बसली तर एकही करार व्हायचा नाही. आमचा माल युरोपात जातो. तिकडच्या एखाद्या प्रांताने उद्या मनाला येईल तो नियम लावला तर कंटेनर बंदरात पडून राहील. आमचं पीक थांबत नाही हो, नासतं. जागतिक नियम आहेत म्हणून निदान दाद मागता येते.

कलम_वाचक
शिवाय उसाच्या निकालावर भारताने जानेवारी २०२२ मध्ये अपील केलंय, आणि अपील ऐकायला तिथे सदस्यच नाहीत. निकाल लटकलेला आहे. महाराष्ट्रात तर राज्याचा वेगळा दरही नाही, एफआरपीच चालते. मग आपला नेमका कोणता अधिकार गेला?

ऊसकरी_वाळवा
आज नाही. उद्या आपल्या विधानसभेला वाटलं की एफआरपीवर राज्याचा दर द्यावा, तर तोही त्याच १० टक्क्यांत मोजला जाणार. लागण आम्ही आडसाली करतो, दीड वर्ष आधी. तेव्हाच कळायला हवं, दर ठरवायचा हक्क कुणाच्या हातात आहे.