देखणा सिनेमा पकड घेत नसेल, तर त्याला काय म्हणावं?

प्रश्न : स्टॅन्ली कुब्रिकच्या 'बॅरी लिंडन'वर (१९७५) लिहितेय. अठराव्या शतकातला आयरिश तरुण, सैन्यातली वणवण, श्रीमंत विधवेशी लग्न, मग घसरण. मेणबत्त्यांच्या उजेडातले प्रसंग 'नासा'साठी घडवलेल्या झाइस भिंगांतून टिपलेले. छायालेखन, वेशभूषा, कलादिग्दर्शन, संगीत अशी ४ ऑस्कर. तरी तीन तास घड्याळाकडे लक्ष जात राहिलं. 'कंटाळवाणा' लिहिलं आणि खोडलं. दुसरा शब्द सुचवा ना.

— 'रटाळ' नको, त्यात बनवणाऱ्याची कुवत काढल्यासारखं होतं. 'संथ' म्हणा.

— संथ हा दोष कधीपासून झाला? विलंबित ख्याल संथच असतो की! मी 'पोशाखी' म्हणेन. ऐतिहासिक नाटकांना पोशाखी नाटकं म्हणतातच, आणि पोशाखी देशभक्ती म्हटलं की आत काही नाही हेही आलं.

— टोमणा झकास, पण इथे अन्यायाचा. यातले कपडे मिरवायला आणलेले वाटत नाहीत, अंगावर वापरलेले वाटतात. माझं मत 'कोरडा'ला. निवेदक पुढचं सगळं आधीच सांगून टाकतो. बॅरीच्या नशिबी एकटेपण, गरिबी आणि निपुत्रिक शेवट आहे, हे त्याचा मुलगा हसत-खेळत असतानाच आपल्याला कळतं. कॅमेराही तसाच. जवळून सुरू करतो आणि मागे मागे सरकत माणसाचा निसर्गचित्रातला ठिपका करून टाकतो. ओल मुद्दाम काढून घेतलीय.

— अहो, त्याच मुलाच्या मृत्युशय्येचा प्रसंग आठवा. कोरडा कसा म्हणवतो? माझा घसा दाटला होता. 'भिडत नाही' असंही लिहू नका. भिडणं क्षणाचं असतं, पकड सलग लागते. हा सिनेमा अधूनमधून भिडतो, पकड मात्र घेत नाही.

— सावत्र मुलाबरोबरच्या शेवटच्या द्वंद्वात तर तीही घेतो. पोराला भीतीने ओकारी येते, बॅरी गोळी जमिनीत झाडतो. तिथे पापणी लवत नाही. म्हणून 'पकड टिकत नाही' नेमकं.

— मला प्रश्न पडलाय तो वेगळाच. 'मला कंटाळा आला' एवढं लिहायला लाजायचं कशाला? मराठीत कंटाळा आपल्याला येतो, त्या वाक्यात सिनेमा कर्ता नसतोच. 'कंटाळवाणा' म्हटलं की तो सिनेमाचा गुणधर्म ठरतो आणि वाचकाच्या वतीनेही निकाल लागतो.

प्रश्नकर्ती : हे पटलं. मग असं लिहिते : 'देखणा आणि काटेकोर सिनेमा, पण पकड टिकत नाही. मधल्या तासात मला कंटाळा आला.'

— 'देखणा'ऐवजी 'रेखीव' बघा. बॅरी झालेल्या रायन ओ'नीलचा चेहराही त्यात बसतो, आणि 'मख्ख' लिहायचं वाचतं.