घरकुल नेमकं कुठे अडतं? (नागपूर, अनुभव धागा)

कळमना, हिंगणा, बुटीबोरीकडे रोजीवर जाणाऱ्या कुटुंबाला स्वतःचं पक्कं घर मिळायलाच हवं. अनुदान जाहीर झालं म्हणून ते उभं राहत नाही. फाइल कुठे थांबते आणि काम कुठे फसतं, हे रोजच्या कामातून ज्यांना ठाऊक आहे त्यांनी लिहावं. कहाणी नको, दुसऱ्याच्या कामी येईल असं लिहा.

दस्तलेखक:
प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतात. पण जागा नावावर लागते, आणि घोडं इथंच अडतं. बाहेरच्या ले-आउटमधले कितीतरी प्लॉट नोटरीच्या कागदावर घेतलेले आहेत. त्यानं मालकी येत नाही. सोसायटीचं अलॉटमेंट लेटर म्हणजेही विक्रीपत्र नव्हे. बयाणा देण्याआधी मौजा आणि खसरा नंबर घेऊन सातबारा किंवा आखीव पत्रिका काढा, आरएल पत्र (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) मागा, 30 वर्षांचा सर्च (जुन्या व्यवहारांच्या नोंदींचा शोध) घ्या. आरएल नसेल तर गुंठेवारी कायद्याखाली, म्हणजे विनापरवाना पाडलेले छोटे प्लॉट नियमित करण्यासाठी, अर्ज होतो. 2021च्या दुरुस्तीनंतर 31 डिसेंबर 2020पर्यंतची प्रकरणं त्यात बसतात.

वस्तीत काम करणारी कार्यकर्ती:
सरकारी जागेवरच्या पट्ट्यासाठी (राहत्या जागेचा हक्क देणारा कागद) 1 जानेवारी 2011च्या आधीपासून तिथं राहत असल्याचा पुरावा लागतो. वीजबिल जुन्या मालकाच्या नावानं असतं, आधारवर ‘सुनीताबाई’ आणि पासबुकात ‘सुनिता’, एवढ्यावरून फाइल परत येते. अर्जाआधीच आधार, रेशन कार्ड आणि बँक खात्यावरची नावं एक करून घ्या.
माझी खरी तळमळ किरायादारांसाठी आहे. पंधरा वर्षं त्याच वस्तीत राहिलेल्याला पट्ट्यात काहीच नाही. त्याच्या वाट्याला येतात ते शहराच्या दुसऱ्या टोकाला वांजरी, तरोडीसारख्या ठिकाणी योजनेत बांधलेले फ्लॅट. हिंगण्याला पाळीवर जाणाऱ्यानं तरोडीत राहायचं म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं.

गृहकर्जाच्या फाइली पाहणारा:
9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 6 लाख काढले तर महिन्याचा हप्ता साधारण 5,400 बसतो. घर हातात येईपर्यंत किरायाही चालूच असतो. म्हणून हिशेब दोन्ही धरून करा. रोजी नगदी मिळते, त्यामुळे बँकेला उत्पन्न दिसत नाही. निदान सहा महिने दर आठवड्याला थोडी का होईना, रक्कम खात्यात भरा. बिल्डरकडे घेत असाल तर नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांवर एक रुपया देऊ नका. रेरा कायद्यात (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) ते कलमच आहे. दस्त बाईच्या नावानं केला तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट मिळते.

बांधकाम ठेकेदार:
काळ्या मातीचं बोलतो, कारण अनुदानाचं घर तिथंच तडकतं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरवर पाया घेतला की दुसऱ्या वर्षी दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. मुरूम लागेपर्यंत खोदा, प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरचा काँक्रीटचा पट्टा) सोडू नका, जोत्यात काळी माती परत भरू नका, तिथं मुरूमच कुटून भरा.
400 चौरस फुटांच्या 5 इंची स्लॅबला, एक-दीड-तीनच्या मालात (सिमेंट, रेती, गिट्टी), बीम सोडून 38 पोती सिमेंट लागतं. पोत्यामागे 25 लिटरच्या वर पाणी नको. मजूर माल सरसर पसरावा म्हणून पाणी वाढवतात, आणि पहिल्याच पावसात छत गळतं. स्लॅबचं काम मे महिन्यात आलं तर तो संध्याकाळी टाका, दुसऱ्या दिवशी वर क्यारे (मसाल्याचे छोटे बांध) बांधून दहा-बारा दिवस पाणी उभं ठेवा.
अनुदान टप्प्याटप्प्यानं येतं, आधी काम मग पैसे. जोत्यापर्यंतचा खर्च स्वतःजवळ नसेल तर पाया खोदून ठेवू नका. उघडा चर एका पावसाळ्यात ढासळतो.

वस्तीत काम करणारी कार्यकर्ती:
यात भर घालते. घरकुल लाभार्थ्याला 5 ब्रासपर्यंत (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) रेती मोफत आहे. वाहतूक मात्र आपली. गल्लीतल्या चार-पाच जणांनी मिळून ट्रक ठरवला तर परवडतं.