मदत हवी आहे: चतुर्गुणित झाडांत जनुकीय विविधता खरंच जास्त आहे, की माझी मोजण्याची रीत चुकतेय?

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे आणि तीन आठवडे एकाच आकड्यापाशी अडकले आहे. एका बहुवर्षायू रानवनस्पतीवर काम करते. तिचे काही समूह द्विगुणित आहेत (गुणसूत्रांचे दोन संच), काही चतुर्गुणित (चार संच). फ्लो सायटोमेट्रीने (पेशीतला डीएनए मोजून) एकेक झाड तपासलंय, त्यामुळे कुठलं झाड कशात मोडतं याबद्दल शंका नाही. प्रत्येक समूहातून ३० झाडं घेतली, ९ मायक्रोसॅटेलाइट मार्कर (डीएनएमधल्या, झाडागणिक लांबी बदलणाऱ्या जागा) वापरले.

एका मार्करवर एकाहून जास्त अ‍ॅलील (त्या जागेची वेगवेगळी रूपं) दाखवणारी, म्हणजे विषमयुग्मजी, झाडं मोजली. द्विगुणित समूहांत साधारण निम्मी झाडं विषमयुग्मजी निघाली, चतुर्गुणितांत दहातली आठ-नऊ. मसुद्यात मी लिहूनही टाकलं, "चतुर्गुणित समूहांतली विविधता जवळपास दुप्पट." मग रात्री मनात आलं, की पिशवीतून चार चिठ्ठ्या काढल्या तर त्यांत दोन वेगळ्या सापडणं, दोनच चिठ्ठ्या काढण्यापेक्षा सोपंच असणार! मग हा फरक झाडांचा, की नुसत्या चिठ्ठ्यांच्या संख्येचा?

दुसरी अडचण अशी, की यंत्राच्या आलेखात क आणि ख ही दोन शिखरं दिसतात, पण झाड कककख आहे, ककखख आहे की कखखख, ते कळत नाही. मी दोन्ही अ‍ॅलील निम्मेनिम्मे धरले. हे चालेल का? हार्डी-वाइनबर्गच्या कसोटीतही (समागम स्वैर असेल तर अपेक्षित असलेली प्रमाणं दिसतात का, ते पाहणारी) बरेच मार्कर नापास होताहेत. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा. सगळं पुन्हा मोजायला लागलं तरी माझी तयारी आहे.

प्रतिसाद १

तुमची शंका अगदी बरोबर आहे, ते वाक्य मसुद्यातून आधी काढा. समजा क आणि ख दोन्ही अ‍ॅलील निम्मेनिम्मे आहेत आणि समागम स्वैर आहे. द्विगुणितांत ५० टक्के झाडं विषमयुग्मजी असतील. चतुर्गुणितांत चारही प्रती क असण्याची शक्यता १/१६, चारही ख असण्याची १/१६; उरलेली १४/१६, म्हणजे ८७.५ टक्के झाडं विषमयुग्मजी. दोन्हीकडे अ‍ॅलील तेच, त्यांचं प्रमाणही तेच. तुमचे आकडे याच्या किती जवळ आहेत बघा.

म्हणून "झाड विषमयुग्मजी आहे का" हे विचारूच नका. "या झाडातून कुठल्याही दोन प्रती उचलल्या तर त्या वेगळ्या निघण्याची शक्यता किती" हे विचारा. कककख मध्ये प्रतींच्या सहा जोड्यांपैकी तीन वेगळ्या, म्हणजे ०.५. ककखख मध्ये सहापैकी चार, म्हणजे ०.६७. वरच्याच उदाहरणात कककख आणि कखखख प्रत्येकी ४/१६ आणि ककखख ६/१६ असतात. सरासरी काढा: ०.१२५ + ०.२५ + ०.१२५ = ०.५. द्विगुणितांचा आकडा हाच. मला ही बेरीज पहिल्यांदा जुळली तेव्हा फार बरं वाटलं होतं, तुम्हीही एकदा हाताने करून बघा. अपेक्षित विविधता दोन्हीकडे एकाच सूत्राने काढायची, एक उणे सगळ्या अ‍ॅलील-प्रमाणांच्या वर्गांची बेरीज. अ‍ॅलीलची संख्या मोजताना मात्र तीस चतुर्गुणित झाडं म्हणजे १२० प्रती आणि तीस द्विगुणित म्हणजे ६०, हे विसरू नका. नमुना मोठा असला की दुर्मिळ अ‍ॅलील जास्त सापडणारच.

खरी डोकेदुखी डोसचीच, म्हणजे कुठल्या अ‍ॅलीलच्या किती प्रती आहेत याचीच आहे. निम्मेनिम्मे धरल्याने काय होतं बघा. ख चं खरं प्रमाण १० टक्के असेल तर स्वैर समागमात ३४ टक्के झाडांत दोन्ही शिखरं दिसतील, आणि तुमच्या हिशोबात ख १७ टक्क्यांवर जाईल. विविधता ०.१८ ऐवजी ०.२८ दिसेल, आणि तीही फक्त चतुर्गुणितांत. म्हणजे पहिली चूक सुधारली तरी दुसरी चूक तुम्हाला त्याच निष्कर्षाकडे ढकलत राहील.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला जोडून. काहीजण चतुर्गुणित झाडाचे दोनच अ‍ॅलील ठेवून नेहमीच्या द्विगुणितांच्या प्रोग्रॅममध्ये घालतात. तसं करू नका, कष्टाने मिळवलेली माहिती फुकट जाते. शिखरांच्या उंचीच्या गुणोत्तरावरून डोस ठरवता येतो, पण त्याआधी तेच नमुने पुन्हा चालवून गुणोत्तर स्थिर राहतं का ते तपासा. ज्या मार्करवर ते स्थिर नाही तिथे शिखरांवरून प्रमाणं अंदाजणारी पद्धत वापरा. आर या संख्याशास्त्राच्या प्रणालीतल्या पॉलीसॅट पॅकेजमध्ये ती आहे.

समूहांमधला फरक मोजताना एफएसटी या नेहमीच्या मापावर विसंबू नका. चतुर्गुणितांत प्रती दुप्पट असल्याने तेवढ्याच झाडांत जनुकीय अपवाह (योगायोगाने अ‍ॅलीलची प्रमाणं बदलत जाणं) मंद चालतो आणि एफएसटी आपोआप कमी येतो. गुणितता (संचांची संख्या) वेगळी असलेल्या समूहांची तुलना ऱ्हो या मापाने करतात. स्पेजेडी आणि जिनोडाइव्ह या दोन्ही प्रोग्रॅममध्ये ते मिळतं.

हार्डी-वाइनबर्गमुळे इतक्यात घाबरू नका. द्विगुणितांत एका पिढीच्या स्वैर समागमात समतोल येतो. एकाच पूर्वजाचे संच दुप्पट झालेल्या चतुर्गुणितांत तो हळूहळू येतो, दर पिढीला तफावतीचा एक तृतीयांश भाग उरतोच.

आणि एक विचारायचं राहिलं. तुमची वनस्पती एकाच जातीचे संच दुप्पट होऊन झालेली आहे, की दोन जातींच्या संकरातून? वरचं सगळं गणित पहिल्या प्रकारासाठी आहे. बटाट्यात १२-१२ चे चार संच आहेत आणि चारही एकमेकांशी जुळतात. गव्हात ४२ गुणसूत्रं आहेत, पण तीन पूर्वजांचे संच आपापल्यातच जोड्या लावतात, म्हणून तिथे प्रत्येक उपसंच द्विगुणितासारखाच वागतो. झाडून सगळ्या झाडांत तीच दोन शिखरं दिसतात, एकही झाड एका शिखराचं नाही, असा एखादा मार्कर आहे का तुमच्याकडे? असेल तर ती संकराची खूण असू शकते.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ती बेरीज हाताने केली, जुळली! मसुद्यातलं वाक्य काढून टाकलं आणि गाइड मॅडमना कळवलंही.

हो, तुम्ही म्हणता तसे दोन मार्कर आहेत. मी त्यांना "शंभर टक्के विषमयुग्मजी" म्हणून सगळ्यांत चांगले समजत होते. बाकी सातांवर एका शिखराची झाडं आहेत, आणि तीन-चार शिखरांचीही. पॉलीसॅट उघडलं तर ते स्वपरागणाचा दर मागतंय. तो कुठून आणू? अंदाजाने शून्य घातला तर?

प्रतिसाद २

ते दोन मार्कर या हिशोबातून बाजूला काढा. तिथे बहुधा दोन वेगळ्या जागा एकाच वेळी वाचल्या जाताहेत. पण थोड्या झाडांच्या परागपेशी तयार होतानाच्या स्लाइड करून घ्या. चार-चार गुणसूत्रं एकत्र जुळलेली दिसली तर बाकी सातांबद्दल तुमची बाजू भक्कम होईल.

शून्य नका घालू. द्विगुणितांत एका स्वपरागणाने विषमयुग्मजता निम्म्यावर येते, चतुर्गुणितांत ती फक्त एक षष्ठांशाने घटते, त्यामुळे नुसता डेटा बघून स्वपरागण आहे की नाही हे सहज ओळखता येत नाही. पुढच्या हंगामात दहा-बारा मातृवृक्षांचं बी वेगवेगळं गोळा करा, प्रत्येकाची रोपं त्याच सात मार्करवर तपासा आणि आईकडे नसलेलं अ‍ॅलील किती रोपांत येतं ते मोजा. तोवर दर ०, ०.२ आणि ०.५ घालून तीनदा गणित चालवा, आणि निष्कर्ष कुठे बदलतो ते इथे टाका. आम्हालाही बघायचं आहे.