ब्लूम : बहर की उद्रेक?

अनुजा_: किनारी पाण्यातल्या वनस्पतिप्लवकांवरचा (पाण्यासोबत वाहणाऱ्या सूक्ष्म शैवालांवरचा) लेख मराठीत आणतेय. डायटम आणि डायनोफ्लॅजेलेट हे त्यांतले दोन गट. वसंतात आधी डायटमचा 'ब्लूम' येतो, म्हणजे ते एकदम भरमसाट वाढतात; पाण्यातलं सिलिकेट संपत आलं की तो ओसरतो, मग डायनोफ्लॅजेलेटचा येतो. मी दोन्हीकडे 'बहर' लिहिलं. संपादक म्हणतात, 'उद्रेक' करा. काय करू?

खडीसाखर: उद्रेक साथीचा, नाहीतर ज्वालामुखीचा. डायटम वाढले की त्यांच्यावर जगणाऱ्यांची चंगळ असते. बहरच ठेवा.

तळ्यात_मळ्यात: फुलंच नाहीत, तर बहर कसला?

खडीसाखर: तारुण्याला येतो तेव्हा कुठे असतात फुलं?

तळ्यात_मळ्यात: बरं, मग डायटमला बहर आणि डायनोफ्लॅजेलेटला उद्रेक. चांगला-वाईट भेद तरी कळेल.

नोंदवही: अशी वाटणी जमणार नाही. बहुतेक डायनोफ्लॅजेलेट निरुपद्रवी असतात, आणि स्यूडो-निट्झिया या डायटमच्या काही जाती डोमोइक आम्ल हे विष बनवतात. कोण माजेल ते पाणी ठरवतं. भिंगाखाली डायटम म्हणजे झाकणासकट काचेचा करंडा, म्हणून परिभाषेत 'करंडक'. हे कवच सिलिकाचं, त्यामुळे त्याला सिलिकॉन जवळजवळ नायट्रोजनइतकाच लागतो. शेतातल्या खतांमुळे नदीतून नायट्रेट जास्त येतं, धरणांमागे सिलिका अडून राहते, की करंडक मागे पडतात. शिवाय ते जड. पाणी घुसळत राहिलं तरच वर टिकतात. पाणी शांत झालं, वर उबदार थर बसला की पोहता येणाऱ्या डायनोफ्लॅजेलेटचं फावतं. परिसंस्थांचे अभ्यासक मार्गालेफ यांनी १९७८ मध्ये हेच मांडलं : घुसळण किती, पोषकद्रव्यं किती.

तळ्यात_मळ्यात: डायनोफ्लॅजेलेट काय लावलंय? 'द्विकशाभिक' म्हणा की. शेपट्या दोनच ना?

नोंदवही: शेपट्या दोन खऱ्या, पण हा 'डायनो' दोनचा नव्हे. ग्रीक 'दिनोस', म्हणजे गरगरणं.

खडीसाखर: मग 'गरगरे'! पोरांनाही कळेल.

धातुपाठ: आधी 'प्लवक' तपासा. 'प्लु' म्हणजे तरंगणं, उडी मारणंही. प्लवंग म्हणजे माकड. जर्मन शास्त्रज्ञ हेन्सेन यांनी १८८७ मध्ये रूढ केलेल्या 'प्लँक्टन'च्या मुळाशी भटकणं आहे. तरंगणं वेगळं, वाहवत जाणं वेगळं.

खडीसाखर: म्हणजे वनस्पतिमाकडं! 😀

अनुजा_: मंडळी, बहर की उद्रेक? मजकूर सोमवारी द्यायचाय.

तळ्यात_मळ्यात: अवांतर : प्लवंग नावाचं संवत्सरही आहे ना?

धातुपाठ: आहे. 'प्लव' निराळं, तेही संवत्सरच. प्लव म्हणजे तराफा.