सगळ्यात जुनं सॅम्पल 1959 चं, मग एचआयव्ही 1908 च्या आसपासचा हे कशावरून??

मायक्रोवाली_सांगली
नमस्कार, बीएस्सी लास्ट इयरला आहे, सेमिनारला एचआयव्हीचं जेनेटिक्स घेतलंय (आता पस्तावतेय). सगळीकडे लिहिलंय की ग्रुप एम, म्हणजे जगभर पसरलेला मेन ग्रुप, माणसात साधारण 1908 च्या सुमारास आला, पण हातात असलेलं सगळ्यात जुनं सॅम्पल तर 1959 चं आहे ना, मग मधली पन्नास वर्षं काय हवेतून काढली का? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या 'मॉलेक्युलर क्लॉक', आणि पुढच्या स्लाइडवर गेल्या.

पोथीवाला
हवेतून नाही गं. जुन्या पोथ्या बघितल्यायत का कधी? एकाने नक्कल केली, चुका झाल्या, त्या नकलेवरून दुसऱ्याने केली, त्याच्या चुका वर अजून. दोन पोथ्यांत एकच चूक सापडली की समजायचं दोन्हींचं मूळ एक. एचआयव्हीचं तसंच, साधारण 9,700 अक्षरांचं आरएनए आणि नक्कल करणारं एन्झाइम (रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज) म्हणजे महाआळशी कारकून, लिहिलेलं परत वाचून बघतच नाही. तारखा माहीत असलेली भरपूर सॅम्पल्स आहेत, त्यावरून वर्षाला किती चुका साठतात तो वेग निघतो, हेच मॅडमचं मॉलेक्युलर क्लॉक.
आता खरी मजा. 1959 चं रक्ताचं सॅम्पल किन्शासाचं (काँगोची राजधानी), तेव्हाचं लिओपोल्डव्हिल. 1960 चं दुसरं त्याच शहरातलं, मेणात ठेवलेला लिम्फ नोडचा तुकडा, त्यातून वोरोबी नावाच्या संशोधकाच्या टीमने सिक्वेन्स (अक्षरांचा क्रम) काढून 2008 ला छापला. एकच शहर, एका वर्षाचा फरक, आणि दोघांत सुमारे 12 टक्के फरक! एवढ्या चुका वर्षभरात होतच नाहीत, म्हणजे दोघांचा पणजोबा कितीतरी आधीचा. मागे मोजत गेले तर 1908 च्या आसपास, पण रेंज 1884 ते 1924 आहे, सेमिनारमध्ये नुसतं 1908 सांगू नकोस, कोणीतरी पकडेल.

मायक्रोवाली_सांगली
दादा हे पोथीचं भारीये, चोरते. पण मग किन्शासाच का? चिंपांझीकडून आला तो कॅमेरूनमध्ये ना?

पोथीवाला
हो, सगळ्यात जवळचा चिंपांझीचा व्हायरस आग्नेय कॅमेरूनचा. पण व्हायरसच्या वंशावळीचं झाड काढलं तर त्याचं बूड किन्शासात निघतं, कारण जुना फाटाफुटीचा पसारा सगळ्यात जास्त तिथे. 2014 च्या पेपरमध्ये ते 1920 च्या सुमाराचं धरलंय, म्हणजे वरच्या रेंजमध्येच बसतं. आणि तिथून पसरायला बेल्जियनांची रेल्वे, 1940 च्या दशकाच्या शेवटी वर्षाला दहा लाखांवर लोक त्या गाड्यांनी किन्शासातून ये-जा करत होते. नंतर काँगोत नोकरीला गेलेल्या हैतीच्या लोकांबरोबर सबटाइप बी (ग्रुप एमचीच एक फांदी) 1966 च्या आसपास हैतीला, तिथून अमेरिकेला. आपल्याकडे मात्र मुख्यतः सी, दक्षिण आफ्रिकेतला.

म्हापसेकर
गोंयकाराचो प्रश्न, हसू नका. आमच्याकडे एचआयव्ही-2 पण सापडतो म्हणतात, तो याच झाडावरचा का?

लॅबवाली_ताई
नाही हो, त्याचं झाडच वेगळं. तो चिंपांझीचा नाही, सूटी मँगबे नावाच्या माकडाचा, पश्चिम आफ्रिकेतला. तिथलं गिनी-बिसाऊ ही पोर्तुगिजांची वसाहत होती, म्हणून युरोपात तो जास्त पोर्तुगालमध्ये दिसतो, आणि गोवा-मुंबईकडे पण आढळतो. हे नुसतं इतिहासापुरतं नाही, नेव्हिरापिन, इफाव्हिरेन्झ ही एचआयव्हीची औषधं त्याच्यावर चालतच नाहीत, टाइप चुकला तर पेशंटचं नुकसान.

नाव_नको
मग सिक्वेन्स करून कोणाला कोणाकडून झाला ते पण सांगता येईल का? घरात यावरूनच भांडण चाललंय.

लॅबवाली_ताई
भाऊ, 'याच्याकडूनच झाला' असं नुसत्या झाडावरून सांगता येत नाही. दोघांचे व्हायरस अगदी जवळचे निघाले तरी मध्ये तिसरा माणूस असू शकतो ज्याचं सॅम्पल कोणी घेतलंच नाही. उलट 'याच्याकडून नाही' हे मात्र बरंच ठाम सांगता येतं. बेंगाझीचं बघा, लिबियात 400 च्या वर मुलांना हॉस्पिटलमध्ये एचआयव्ही झाला आणि पाच बल्गेरियन नर्स व एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर मुद्दाम केल्याचा आरोप, फाशीची शिक्षा. ते तिथे आले मार्च 1998 मध्ये. डिसेंबर 2006 ला मुलांच्या सिक्वेन्सवरून घड्याळ लावलं तर हा व्हायरस ते यायच्या आधीपासूनच तिथे पसरत असल्याचं दिसलं. तरी त्याच महिन्यात कोर्टाने परत फाशीच सुनावली, सुटले ते जुलै 2007 ला, तेही राजकीय वाटाघाटींनी.
तुमच्या घरचं म्हणाल तर टेस्ट भांडणासाठी करू नका, दोघांनी जवळच्या आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात) जाऊन काउन्सेलरला भेटा, फुकट असतं आणि गुप्त ठेवतात.

नाव_नको
बरं ताई. सोमवारी जातो.

मायक्रोवाली_सांगली
बेंगाझी पण घेतेय सेमिनारला. आता वीस मिनिटांत बसवायचं कसं 😭